मुंबईत फुलांचा धंदा: दुकानाआधी पहाटेचा बाजार शिका

फुलांच्या धंद्यात उतरू पाहणारा माणूस सल्ला मागायला येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मोबाइलमध्ये बुकेचे फोटो असतात आणि डोक्यात दुकानाचा गाळा. माझं उत्तर ठरलेलं असतं: गाळा राहू द्या, आधी पहाटे उठायची सवय आहे का ते सांगा. या धंद्यातला नफा विकताना दिसतो, पण तो ठरतो खरेदीच्या वेळी. संध्याकाळपर्यंत अर्धा माल मान टाकत असेल तर सजावटीचा कितीही छान हात असला तरी उपयोग नाही. मुंबईत बसून ताजा माल मिळवायचा तर आसपासच्या पट्ट्यात पिकणारं फूल ओळखता आलं पाहिजे. विमानानं येणारी ऑर्किड नंतर शिकता येतात.

फूल येतं कुठून

स्थानिक फूल म्हणजे माझ्या हिशेबात एका रात्रीच्या प्रवासात दादरला पोचणारं फूल. यात दोन मोठे पट्टे येतात.

पहिला पट्टा पश्चिम रेल्वेला धरून वर जातो. वसई, आगाशी, अर्नाळा, नालासोपारा भागातल्या वाड्यांमधून सोनचाफा, जास्वंद, तगर, जाई-जुई, तुळस आणि दूर्वा येतात. बराचसा माल पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून पाट्या-करंड्यांनी उतरतो. त्याच्याही पलीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांचा मोगरा. गजऱ्याचं काम करणार असाल तर हा पट्टा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरा पट्टा घाटावरचा. झेंडू जुन्नर-नारायणगाव, पुरंदर, नाशिक, साताऱ्याकडून येतो. शेवंती, अष्टर, निशिगंध पुणे आणि अहिल्यानगर (आधीचा नगर) जिल्ह्यांतून. लांब दांड्याचे डच गुलाब, जर्बेरा आणि कार्नेशन मुख्यतः मावळातल्या पॉलिहाउसमधले. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचं फुलशेती उद्यानच आहे. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, आणि त्या भागातून गावठी गुलाब अजूनही येतो. हाराला आणि देवाला तोच लागतो. डच गुलाबाला वास नाही आणि तो हारात परवडतही नाही.

हा सगळा माल एकत्र भेटतो दादर पश्चिमेला, सेनापती बापट मार्गावरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत आणि तिच्या आजूबाजूच्या रस्त्यावर. दक्षिण मुंबईत भुलेश्वरची फूल गल्ली आहे. ठाण्यात जांभळी नाका, कल्याणला बाजार समितीचा फूल बाजार. मध्य रेल्वेच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्यानं रोज दादर गाठण्यात अर्थ नाही. कल्याणचा भाव आणि माल दोन्ही ठीक असतात. माटुंग्याला दक्षिणी पद्धतीचे घट्ट गुंफलेले हार आणि अबोलीचे गजरे करणारे जुने लोक आहेत. विणकाम बघायला तिथं एक फेरी जरूर मारा.

पहिले काही दिवस फक्त बघा

दादरला चारच्या सुमारास पोचा. पहिल्या तासात मोठे हारवाले आणि डेकोरेटर माल उचलतात. भाव चढा असतो, पण निवडीला वाव असतो. उजाडल्यावर किरकोळ गिऱ्हाईक वाढतं. आठ-नऊनंतर भाव पडायला लागतो, कारण उरलेलं फूल परत नेऊन अडत्याला, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्याला, काही मिळत नाही. त्या पडलेल्या भावानं घेतलेला माल त्याच दिवशी दुपारपर्यंत हातावेगळा होणार असेल तरच स्वस्त पडतो.

सुरुवातीला पैसे थोडे न्या आणि वही न्या. तारीख, वार, तिथी, पाऊस होता का, आणि पाच-सहा फुलांचा भाव, एवढंच लिहा. महिनाभरात तुम्हाला दिसेल की झेंडूचा भाव कॅलेंडरपेक्षा पंचांग बघून हलतो. संकष्टीच्या आदल्या दिवशी जास्वंद आणि दूर्वा, मार्गशीर्षातल्या गुरुवारांआधी वेण्या आणि शेवंती, लग्नाच्या दाट तिथींना गुलाब आणि मोगरा. पितृपक्षात लग्नं नसल्यामुळे बाजार बसलेला असतो; शिकायला त्याच्यासारखा काळ नाही.

मोजमापं फुलागणिक वेगळी. झेंडू, सुटी शेवंती, सुटा निशिगंध आणि मोगरा किलोवर. सोनचाफा शेकड्यावर किंवा डझनावर. डच गुलाबाची गड्डी साधारण वीसची, जर्बेराची दहाची. गड्डी घेताना आतली फुलं मोजून घ्या आणि मधल्या दोन-तीन काड्या ओढून बघा. वरच्या बाजूला देखणा माल लावायची रीत सगळीकडे आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही.

हातानं माल ओळखणं

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण फोटोवरून किंवा फोनवर हे शिकता येत नाही.

झेंडूच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर पोतं सोडा. दाबून भरलेलं फूल रात्रभर धुमसत असतं आणि वरून पिवळंजर्द दिसलं तरी मधलं दुपारी काळं पडतं. पावसाळ्यात आणि दसऱ्याच्या तोंडावर भिजका माल येतो. त्यात तुम्ही पाण्याचं वजन विकत घेता आणि हारात ओवलेलं ते फूल संध्याकाळी पाकळ्या गाळतं. सुका माल किलोमागे महाग दिसतो, पण किलोत फुलं जास्त बसतात. अडत्याला स्पष्ट विचारा, ‘सुका की भिजका?’ तो खरं सांगतो, कारण उद्या तुम्ही परत येणार असता.

गुलाबाची कळी खालच्या बाजूला, जिथं ती देठाला चिकटते तिथं, दोन बोटांत हलकी दाबा. घट्ट लागली तर ताजी, मऊ लागली तर शिळी. बाहेरच्या हिरवट, जाडसर पाकळ्या सोलून काढलेल्या दिसल्या तर माल जुना आहे आणि कुणीतरी त्याचा चेहरा धुतलाय. जर्बेराचं मधलं वर्तुळ बघा: परागाची पिवळी कडी जितकी आतपर्यंत फुललेली, तितकं फुलाचं वय जास्त. शेवंती उलटी करून मागच्या पाकळ्या बघायच्या, तपकिरी डाग तिथं आधी येतात. निशिगंधाची काडी हलकी झटकली आणि कळ्या गळल्या तर पुढं चला.

मोगरा पहाटे टपोरी, पांढरी, बंद कळी हवी. संध्याकाळी तीच उमलणार आणि तेव्हाच गजरा विकला जाणार. टोकाला जांभळट-गुलाबी झाक किंवा पिवळेपणा आला की कळी कालची. सोनचाफ्याला बोटं लावूच नका, देठाला धरा. जिथं दाबलं जाईल तिथं तासाभरात तपकिरी पडतं आणि गिऱ्हाईकाला आधी तोच डाग दिसतो.

शेतकऱ्याकडून थेट

बाजार ओळखीचा झाल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, थेट माल घ्यायचा विचार करा. फक्त दोन-तीन फुलांसाठी. सोनचाफा, मोगरा आणि जास्वंद यांत ते परवडतं, कारण ती नाजूक आहेत आणि बाजारातले दोन हात वाचले तर आयुष्य वाढतं. झेंडू आणि शेवंती थेट आणायचा उद्योग छोट्या माणसानं करू नये. टेम्पोचं भाडं खिसा कापतं.

वसई-विरारकडची माणसं पहाटे दादरला मालासकट भेटतात. तिथंच बोलणं काढा, वाडी बघायला जाऊ का विचारा. मोगऱ्याची तोडणी भल्या पहाटे होते, त्यामुळे ऑर्डर आदल्या संध्याकाळी गेली पाहिजे आणि ठरलेली संख्या दुसऱ्या दिवशी उचलली पाहिजे. आज जास्त, उद्या नको, असं केलंत तर तो शेतकरी पुन्हा तुमच्यासाठी कळ्या राखणार नाही. पैसे रोख किंवा लगेच यूपीआयनं. भाव आठवड्याचा सरासरी ठरवून घेतला तर दोघांची झोप चांगली होते: सणाला तो तुम्हाला लुटत नाही, मंदीत तुम्ही त्याला.

नवी ओळख हवी असेल तर डहाणूजवळच्या कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याचं कार्यालय गाठा. कुठल्या गावात कोणती फुलं लावली आहेत हे त्यांना माहीत असतं. तोडणीनंतर माल टिकवण्याचं रीतसर शिक्षण घ्यायचं तर तळेगाव दाभाड्याची राष्ट्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था आहे.

एका गोष्टीची तजवीज मात्र आधीच करा. जुलै-ऑगस्टमध्ये वसई-विरारचे रूळ पाण्याखाली गेले की तुमचा चाफा तिकडेच अडकतो. अशा दिवसासाठी दादरचा एक अडत्या बांधून ठेवा आणि त्याच्याकडूनही आठवड्यातून थोडं काहीतरी घेत राहा.

पहिलं उत्पन्न: फुलपुडी

बुकेच्या ऑर्डरी लहरी असतात. आज तीन, मग आठवडाभर शून्य. देवपूजेच्या फुलपुडीचा रतीब मात्र बारा महिने चालतो. गिरगाव, दादर, पार्ले, डोंबिवली, मुलुंड इथल्या इमारतींत सकाळी दाराच्या कडीला पुडी अडकवून जाणारा माणूस अजूनही लागतो आणि म्हातारे फूलवाले निवृत्त होत असल्यामुळे जागाही आहे.

पुडी वाराप्रमाणे बांधा. सोमवारी बेल आणि पांढरी फुलं. बेलाचं पान तिन्ही दळांचं, न फाटलेलं हवं. मंगळवारी जास्वंद आणि दूर्वा. गुरुवारी पिवळी शेवंती, तुळस. शुक्रवारी देवीसाठी छोटी वेणी किंवा गजरा, शनिवारी मागणी असेल तर रुईच्या पानांची माळ. जास्वंद मिटलेली कळीच द्या, घरी पाण्यात उमलते. उमललेली दिली तर दुपारी मलूल होते आणि आजींचा फोन येतो. पुडी कागदात, राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि फूल तसंही प्लास्टिकमध्ये घामेजतं.

हिशेब कसा मांडायचा ते बघा. आकडे नुसते समजण्यापुरते. समजा चाळीस घरं, पुडी 15 रुपये. रोजचे 600. माल पुडीमागे 7 रुपये, म्हणजे 280. कागद, दोरा आणि वाटप करणाऱ्या मुलाचे 100. हातात 220, महिन्याला 6,600. हे पोट भरण्याइतकं नाही. पण या रतिबामुळे तुम्ही रोज बाजारात असता, प्रवासखर्च निघालेला असतो, आणि चाळीस घरांतली बारशी, सत्यनारायण, साखरपुडे, गणपती तुमच्याकडे येतात. कमाई त्यात आहे. घरं एकाच परिसरात धरा; दोन स्टेशनांत विखुरलेली चाळीस घरं सांभाळण्यापेक्षा एकाच गल्लीतली पंचवीस बरी.

गजरा आणि हार

दोन्ही हातांना यायलाच हवेत, मग पुढं माणूस ठेवला तरी चालेल. गजऱ्याला सुई नको. दोरा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ताणून धरायचा. दोन कळ्या तोंड डावीकडे, दोन उजवीकडे, आणि देठ मधोमध दोऱ्यावर एकमेकांवर येतील असे ठेवायचे. मग मोकळ्या टोकानं देठांभोवती वेढा, बोटावर उलटा फास, फास देठांवरून उतरवून ओढायचा आणि जोडी आधीच्या जोडीला सरकवून भिडवायची. फार ओढलं तर देठ तुटतो, सैल राहिलं तर केसात माळताना कळ्या निसटतात. जुने कारागीर दोऱ्याऐवजी केळीचं ओलं सोपट वापरतात. ते कळीला कापत नाही. हिवाळ्यात मोगरा आटला आणि महागला की कागड्याचे (मोगऱ्यासारख्याच पांढऱ्या फुलाचे) गजरे करा आणि गिऱ्हाईकाला तसं सांगूनच विका.

हाराला लांब सुई, दुहेरी दोरा. झेंडू देठाच्या बाजूनं टोचून बरोबर मधून काढायचा, नाहीतर हार एका अंगाला वळतो. मयताचे हार हा वेगळा भाग: वेळी-अवेळी फोन येतो, घासाघीस होत नाही, आणि तुम्हीही भाव वाढवायचा नसतो. निशिगंधाचा किंवा पांढऱ्या शेवंतीचा साधा हार, वेळेवर. तेवढंच लक्षात राहतं लोकांच्या.

पाणी पाजणं आणि साठवण

बुकेसाठी आणलेला माल घरी आला की आधी पाणी. दांडीचं टोक धारदार सुरीनं तिरकं कापा. बोथट कात्रीनं देठ चेपतो आणि पाणी वर चढत नाही. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढा, ती कुजून पाणी नासवतात. गुलाब खोल पाण्यात दोन-तीन तास सावलीत. जर्बेराला मात्र बादलीत चार-पाच बोटंच पाणी. त्याचा लवदार देठ जास्त पाण्यात सडतो. बादल्या रोज घासायच्या. पाण्यात नुसती साखर टाकायचा घरगुती उपाय टाळा. साखरेवर जंतू वाढतात आणि देठाच्या नळ्या तुंबतात. फुलांसाठीची तयार पावडर मिळते, ती घ्या, नाहीतर स्वच्छ पाणी रोज बदला.

घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर त्यात आंबे, केळी, सफरचंदं नकोत. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन त्यानं झोपतं. ऑर्किड, अँथुरियम फ्रिजमध्ये घालू नका, ती उष्ण प्रदेशातली फुलं, थंडीनं काळवंडतात. मोगरा ओलसर मलमलच्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या खोक्यात, पण बर्फाला थेट न लागता.

बुकेत सगळं महागडंच हवं असं नाही. निशिगंधाच्या काड्या, अष्टर, ग्लॅडिओलस, गोल्डन रॉड आणि भोवती कामिनीचा हिरवा पाला: हे सगळं राज्यातलं, वासासकट, आणि डच गुलाबांच्या गुच्छापेक्षा वेगळं उठून दिसतं. फुलं खोचायचा हिरवा स्पंज शक्यतो टाळा, तो मातीत मिसळत नाही. जाळी किंवा काड्यांची चौकट वापरून काम होतं.

भाव लावताना गड्डीतली फुकट जाणारी फुलं आधी वजा करा. समजा वीस गुलाबांची गड्डी 180 रुपयांना पडली आणि दोन खराब निघाली. मग एक गुलाब 9 नव्हे, 10 रुपयांचा झाला. बारा गुलाबांचे 120, पाला 20, कागद-रिबीन 25, एकूण 165. याच्या दुपटीखाली उतरू नका आणि पोचवायचं भाडं वेगळं घ्या. नव्या माणसाला दुप्पट लावताना अपराधी वाटतं; पहाटेचा प्रवास, बसलेले तास आणि न विकलेला माल याच दुपटीतून निघतो. सजावटीच्या कामाला निम्मी रक्कम आधी, उरलेली हॉल सोडण्यापूर्वी. ओळखीच्यांकडूनही.

सणाच्या आठवड्यात

दसरा, गणपती आणि दिवाळी या तीन वेळी नवखा माणूस हात मारायला जातो. मी पहिल्या वर्षी फक्त आगाऊ नोंदलेल्या मालाइतकीच खरेदी सुचवतो. दसऱ्याच्या सकाळी झेंडू सोन्यासारखा आणि दुपारी दोननंतर त्याच पोत्यांकडे कुणी बघत नाही. गणपतीत जास्वंदाच्या कळ्या आणि एकवीस दूर्वांच्या जुड्या आदल्या रात्री बांधून ठेवल्या तर बायका दुवा देतात. गौरीला तेरडा, हरतालिकेला पत्री आठवणीनं. 14 फेब्रुवारीच्या आधी मावळातला चांगला गुलाब परदेशी जातो आणि इथला भाव चढतो, त्या आठवड्यात जर्बेरा-अष्टरचे गुच्छ पुढे करा. 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती दफनभूमींत फुलं लागतात. वांद्रे, माहीम, वसईत राहणाऱ्यांनी हा दिवस वहीत लिहून ठेवावा.

कागदपत्रं

घरातून फुलपुड्या वाटताना फार काही लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. दुकान घेतल्यावर गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, बघावं लागतं. 2017 च्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या आस्थापनेला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन भागतं. ताज्या फुलांच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण सजावट ही सेवा आहे. ती करत असाल आणि फुलांची विक्री धरून वर्षाची उलाढाल 20 लाखांकडे सरकू लागली की सीएला गाठा. फुटपाथवर बसायचा विचार असेल तर पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा आणि महापालिकेचा परवाना समजून घ्या. नुसतं ‘इथं सगळेच बसतात’ यावर माल मांडू नका, गाडी आली की पाटीसकट जातं.

उरलेलं फूल

रोज काहीतरी उरणारच. संध्याकाळी सातनंतर गजरे निम्म्या भावानं स्टेशनबाहेर काढा, मात्र रतिबाच्या घरांना उरलेला माल कधीही पुडीत घालू नका. झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्या मोकळ्या करून दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळीवाल्यांना किंवा हॉलवाल्यांना देता येतात. जे खरंच गेलं ते दोरा, तारा आणि रिबिनी काढून ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या पिंपात. आणि वहीत त्या दिवसापुढे लिहा: काय उरलं, किती, कोणता वार होता. पुढच्या आठवड्याची खरेदी त्याच ओळीवरून करायची आहे.